यमुनाबाईंना दाखवायची गोधडी

तीन बायका गोधडीभोवती बसल्या की टाके कमी आणि बोलणं जास्त होतं. जयपुरात, बनी पार्कातल्या आमच्या घरी हे अकरा वर्षं चालू आहे. मी बाजूला पेपर धरून बसतो. पेपर लवकर संपतो, कान मात्र बंद करता येत नाहीत. असे किस्से माझ्याकडे साठत गेले. मी शाळेत फार गेलेलो नाही. घडलं तसं लिहितो.

आधी माणसं सांगतो. तारा माझी बायको. आम्ही भुसावळकडचे. मी रेल्वेत गँगमन होतो, रुळांवर पहार चालवायचो. बदलीवर जयपूरला आलो तो इथलाच झालो. दुसऱ्या कुलकर्णीबाई. त्यांचे साहेब विम्याच्या ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर होते. तिसरी पिंकी, त्यांची सून. जन्म जयपूरचा, मराठी निम्मी हिंदीत.

*

एकदा कुलकर्णीबाई राखाडी रंगाचं ठिगळ लावत होत्या. साहेब त्यांना न्यायला आले. वाकून बघितलं, बोटानं चाचपलं.

"हा माझा प्रमोशनचा सफारी आहे."

"होता," बाई म्हणाल्या.

"मला विचारायचं तरी."

"तीस वर्षं तुम्ही घातलात. आता मी पांघरते."

साहेब खुर्चीत बसले. मी पेपरचं मधलं पान त्यांना दिलं. दुसरं काय देणार?

*

आमची गोधडी कडेकडून शिवत आत यायची. शेवटी मधोमध थोडी जागा उरते. ती बंद करण्याआधी तिच्यात पोळीचा तुकडा ठेवतात. गोधडीचं पोट उपाशी राहू नये म्हणून. ताराच्या आईची ही रीत.

पिंकीनं पहिली गोधडी पूर्ण केली तेव्हा पोट भरायचा मान तिला दिला. तिसऱ्या दिवशी ती गोधडी घेऊन धावत आली. सगळीकडे मुंग्या.

"काय ठेवलंस आत?" ताराने विचारलं.

"घेवर. मतलब, पोळी किती साधी वाटते ना, काकी."

पाकातलं घेवर! टाके उसवले, गोधडी धुतली, पोळी ठेवली. कुलकर्णीबाई सुनेला काही बोलल्या नाहीत. मला म्हणाल्या, "भाऊ, जयपूरची गोधडी आहे. तिला गोडच लागणार."

*

जुन्या जयपुरात, चारदीवारीत एका रजईच्या दुकानात तिघी बघायला म्हणून गेल्या. मला पिशव्या धरायला नेलं. दुकानदारानं एक रजई उचलून ताराच्या हातात दिली.

"माताजी, सिर्फ़ सौ ग्राम रुई."

तारा म्हणाली, "हमारी में रुईच नहीं होती. पुरानी साड़ियाँ होती हैं."

तो हसला. "तो गरमी किस चीज़ की?"

"पहननेवालियों की."

त्यानं आम्हाला चहा पाजला.

*

गेल्या वर्षी ताराचा उजवा हात कापायला लागला. डॉक्टर म्हणाले, औषधानं कमी होईल, जाणार नाही.

तेव्हा ती एक मोठी गोधडी शिवत होती. साताऱ्याकडच्या यमुनाबाई मोबाइलवर गोधडी शिकवतात. तारा त्यांचे व्हिडिओ रोज बघते. ही गोधडी कधीतरी त्यांना दाखवायची, एवढंच तिच्या मनात होतं. ती अर्धी राहिली. ताराने तिची गुंडाळी करून कपाटावर टाकली. दुपारी दोघी यायच्या तेव्हा ती नुसती बसायची.

मग पिंकीनं बातमी आणली. जयपुरात गोधड्यांचं प्रदर्शन भरणार, यमुनाबाई स्वतः येणार.

"मी नाही येत," तारा म्हणाली. "रिकाम्या हातानं त्यांच्यापुढे काय जाऊ?"

दोघी गेल्यावर मी गोधडी खाली काढली. म्हटलं, "तू सांग. मी शिवतो."

"अहो, तुम्ही?"

"हात सरळ आहेत माझे."

मी एकच अट घातली. कुणाला सांगायचं नाही.

*

पहिली ओळ मी फुटपट्टी लावून घातली. प्रत्येक टाका सारखा. ताराने बघितलं आणि खूप दिवसांनी हसली.

"गोधडी शिवताय की स्लीपर टाकताय?"

रोज सकाळी दाराला कडी लावून बसायचो. एकदा पिंकी अवेळी आली. मी गोधडी पलंगाखाली सारली आणि दार उघडलं.

"काका, बोटात काय आहे?"

शिवणाचं अंगुस्तान तसंच राहिलं होतं.

"फ्यूज बदलत होतो," मी म्हणालो.

तिनं वर दिव्याकडे बघितलं. दिवा चालू होता. "अच्छा," म्हणाली आणि काकीशेजारी जाऊन बसली. सासूचं वळण.

*

प्रदर्शनाच्या दिवशी मधली वीतभर जागा राहिली होती. आत पोळीचा तुकडा ठेवला होता, टाके तेवढे बाकी. तशीच गोधडी घेऊन गेलो.

यमुनाबाई सतरंजीवर बसल्या होत्या. ठेंगण्या, नऊवारीतल्या. पुढे रांग. आमची पाळी आली. त्यांनी गोधडी मांडीवर घेतली, ताराच्या तोंडाकडे पाहिलंही नाही. कडेपासून हात फिरवत आल्या आणि अर्ध्यावर थांबल्या.

"हितपातुर एक हात हाय. हितनं म्होरं दुसरा. मोजून घातल्यात टाकं. कुनाचं?"

कुलकर्णीबाई आणि पिंकी शेजारीच उभ्या होत्या. मी भिंतीकडे बघितलं.

तारा म्हणाली, "यांनी शिवलंय, बाई. माझा हात कापतो आता. मी नुसती सांगत होते."

"ह्यो गडी काय करतो?"

"रेल्वेत गँगमन होते," कुलकर्णीबाईंनी सांगितलं.

यमुनाबाईंनी सुई ओवली. माझ्याकडे दिली नाही. ताराकडे धरली.

"मधलं तू शीव."

ताराने सुई घेतली. टोक एका जागी राहीना. मागे रांगेतले लोक माना काढून बघत होते. तिनं सुई माझ्याकडे केली. मी घेतली नाही. खाली बसलो आणि तिचं मनगट धरलं. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली, चार माणसांत मी तिचा हात कधी धरला नव्हता.

एक टाका गेला. दुसरा गेला. पिंकीनं मोबाइल वर धरला होता.

"बंद कर ते," मी म्हणालो.

"नाही करणार, काका."

यमुनाबाई माझ्या मुठीकडे बघत होत्या.

"सैल धरा, भाऊ," त्या म्हणाल्या. "पहार न्हाई ती."