रत्नाचा पहिला बेस

निशिकांत माझा धाकटा दीर. जहाजावरचा निवृत्त इंजिनिअर आणि इथल्या मराठी मंडळींचा बेसबॉलमधला लेजंड. सिंगापूर कुठं, बेसबॉल कुठं आणि अमरावतीचा हा प्राणी कुठं! पण पंचवीस वर्षं दर रविवारी सकाळी त्यानं आयटीतल्या पोरांना अंथरुणातून ओढून ईस्ट कोस्टला मैदानात उभं केलं. सगळी क्रिकेटवर वाढलेली. चेंडू मारला की बॅट घेऊनच धावायची आणि बेसवर टेकवायची. "अरे टाक ती! आहेरात आलीये का?" असा हा ओरडायचा, की पलीकडचे चिनी आजोबा व्यायाम सोडून बघत बसायचे. एकदा त्याचा चेंडू झाडांवरून थेट हॉकर सेंटरमधल्या, म्हणजे इथल्या खाऊगल्लीतल्या, कुणाच्या तरी नूडल्समध्ये पडला. त्या माणसानं तोंडावरचं सूप पुसलं आणि टाळ्या वाजवल्या!

आणि त्याची बायको रत्ना? ती सरबत करायची. मलाही खेळायचंय म्हणाली की हा म्हणे, "पुढच्या रविवारी नक्की." माणूस लाघवी, पण याबाबतीत लबाड. मी त्याला तोंडावर सांगितलंय तसं.

मार्चमध्ये तो गेला. महिन्याभरानं त्याच्या आठवणीसाठी सामना ठरला. मुलानं, वरुणनं, सुरुवातीला दोन मिनिटं शांतता ठेवली होती. रत्ना ताडकन उठली.

"तुझे बाबा कधी दोन मिनिटं गप्प बसले होते? ते राहू दे. बॅट आण. मला खेळायचंय."

"आई, गुडघा!"

"माझा आहे ना?"

"काकू, तू तरी सांग तिला."

"सांगते. रत्ना, ओढणी नीट खोच."

अडुसष्ट वर्षांची बाई उभी राहिली. पहिला चेंडू हुकला. दुसऱ्यालाही तिनं वाराच घातला. तिसरा हुकला की बाद, आणि मग पुन्हा सरबत. चेंडू टाकणारा दर्शन पुण्याचा, भिडस्त. तो अगदी बाळाला टाकावा तसा टाकायला लागला.

"दर्शन, लाड नकोत! नीट टाक."

टण्ण! चेंडू जेमतेम पंधरा पावलं घरंगळला, पण रत्ना सुटली. बॅट हातातच, अर्थात. "टाक ती बॅट, टाक!" सगळं मैदान बोंबलत होतं. "रन लाह, आजी, रन!" नात किमया इथल्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडत उड्या मारत होती. दर्शनच्या हातातून हसण्याच्या नादात चेंडू दोनदा निसटला. शेवटी त्यानं फेकला, पहिल्या बेसवरच्या पोरानं झेलला, पण पाय आधी टेकला होता रत्नाचा. मी चष्मा लावून बघत होते. पंच अनघा, ती तर सख्ख्या नवऱ्याला बाद देणारी. तिनंही हात पसरले. "सेफ!"

मग काय, मिठ्या, फोटो, रडणं, हसणं, सगळं एकदम. वरुण खुर्ची घेऊन धावत आला.

"आई, झालं ना मनासारखं? बस आता. पुढचं किमया धावेल."

रत्ना धापा टाकत होती. तिनं गुडघ्यावर एक हात टेकला, दुसऱ्यानं त्याला ढकललं.

"बाजूला हो रे. तुझ्यामुळं दुसरा बेस दिसत नाहीये."