दौंडची बावीस पित्ताशयं

वैद्यकीय संशोधन म्हणजे मानवजातीच्या कल्याणासाठी केलेला सत्याचा शोध, असं आम्हा रेडिओलॉजीच्या रेसिडेंटना पहिल्या व्याख्यानात सांगितलं गेलं. थिसिस वेळेत दिला नाही तर परीक्षेला बसता येत नाही, हे दुसऱ्या व्याख्यानात कळलं. वह्या आम्ही तेव्हा उघडल्या.

माझा विषय होता पित्ताशय. पाळ्यांमध्ये काम करणारा आणि फक्त दिवसा राबणारा, या दोघांच्या पित्ताशयाच्या उपाशीपोटी मोजलेल्या आकारात फरक असतो का? रांजणगावच्या कंपन्यांतले कामगार मी शिरूरला असतानाच तपासले होते. दौंडला पोस्टिंग झाली तेव्हा दिवसा राबणारी बावीस धडधाकट माणसं हवी होती आणि हातात दहा दिवस होते. धडधाकट माणूस दवाखान्यात येत नाही, ही गोष्ट विषय ठरवताना मला किंवा पुण्यातल्या माझ्या गाईडना सुचली नव्हती.

सोनोग्राफीच्या खोलीवर निवृत्तीला आलेले एक शिपाई होते, सगळे त्यांना मामा म्हणत. त्यांनी माझी अडचण ऐकून घेतली.

"बावीसच ना? आमची भावकी आणतो की. समदी रानात राबणारी हायेत."

"उपाशीपोटी हवीत, मामा. रात्रीपासून काही नको."

"व्हय व्हय, सांगतो."

दोन दिवसांनी सकाळी पिकअपमधून अख्खी भावकी उतरली. सगळ्यांनी अंघोळी केल्या होत्या, इस्त्रीचे कपडे घातले होते. पहिले आले भावकीतले थोरले, आबा. त्यांच्या पोटावर प्रोब ठेवला. उपाशी माणसाचं पित्ताशय भरलेलं दिसतं, पोटात काही गेलं की आक्रसतं. हे आक्रसलेलं होतं. दुसऱ्याचं तसंच, तिसऱ्याचंही.

"मामा, यांनी काय खाल्लं?"

"काय बी न्हाई. वाटेत माझ्या भनीचं घर हाय, तिथं च्या घेतला तेवढा."

"दुधाचा?"

"म्हशीच्या. पावन्यांना काय कोरा देत्यात व्हय?"

"आन् खारी," आबा खाटेवरून म्हणाले.

मामांचा चेहरा उतरला. मग ते जवळ आले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, टाका लिहून उपाशी. पुन्यात कोन बघाया हाय?"

कुणीही नव्हतं, हे मला चांगलं माहीत होतं. पेन हातात होतं आणि परीक्षा हुकली तर सहा महिने जाणार होते. मी मामांना पडद्यावरचं पित्ताशय दाखवलं. "हे बघा, मामा. चहा दिसतोय."

मामा पडद्याजवळ वाकले. "च्या बी दिसतोय?" त्यांनी बहिणीला तिथूनच फोन लावला. "आक्के, तुझा च्या मशिनीत घावला! आता परवा पुन्ना येतोय आमी. दार लावून बस. हाक मारली तरी उघडायचं न्हाई!"

आक्कांनी ओट्यावरही यायचं नाही, असं ठरलं. मी त्या दिवशीचे कागद फाडले.

ठरल्या दिवशी बावीसच्या बावीस परत आले. आबांनी तर पाणीही सोडलं होतं, ते सोडायची गरज नव्हती. मापं घेता घेता दुपार झाली, कुणी कुरकुर केली नाही. मुदतीच्या आदल्या दिवशी थिसिस विद्यापीठात पोहोचला आणि मी परीक्षेला बसले.

थिसिसचा निष्कर्ष एका ओळीचा आहे: दोन्ही गटांच्या पित्ताशयांत फरक आढळला नाही.