आक्काबाईंचं गरगरणं

गंगापूर गावच्या आक्काबाई शेतातली झेंडूची फुलं जुन्या व्हॅनमधून स्वतः बाजारात नेत. थंडी पडली तसं वाटेत त्यांचं डोकं ठणकू लागलं, पोटात मळमळू लागलं. निघताना सून निकिता चहा द्यायची. तिला फुलशेती सोडून शहरात राहायचं होतं. ‘हीच चहात काहीतरी कालवते,’ हा संशय आक्काबाईंच्या मनातून हटेना.

एके सकाळी त्यांनी चहा गुपचूप मोरीत ओतला. तरीही गंगापूर रोडवर गरगरलंच. कशीबशी त्यांनी गाडी एका गॅरेजसमोर थांबवली. गाडीत बसलं की गरगरतं, हे ऐकून मेकॅनिक शेखरने इंजिन चालू ठेवून सायलेन्सरच्या तोंडावर ओलं फडकं दाबलं, तसा सीटखालून फस्सकन धूर आला.

“मावशी, सायलेन्सरचा पाइप फाटलाय. काचा बंद ठेवता का?”

“थंडी लय हाय ना.”

“अहो, हा धूर जीव घेतो!”

त्याने पाइपला वेल्डिंग केलं, जोडावरचं जळालेलं गॅस्केट बदललं. परतताना आक्काबाईंना काहीच झालं नाही.

घरी येऊन त्यांनी सुनेला आपल्या संशयासकट सगळं सांगितलं.

“तुमची नजर मला कळत होती, आत्या,” निकिता म्हणाली.

पुढे बरेच दिवस दोघी एकमेकींशी जपूनच बोलत होत्या.