तुळजाबाईच्या भोयांचं शिक्षण

पेशवाई भरात होती त्या वर्षांत पुण्यात कुणाला भाड्यानं डोली हवी असली, की लोक कुंभारवेशीकडे बोट दाखवायचे. तिथं चिंचेखाली तुळजाबाईचा अड्डा होता. चार डोल्या, सोळा भोई, आणि मधोमध पालथ्या घंगाळावर बसलेली स्वतः तुळजाबाई.

नवरा तापानं गेला तेव्हा भोयांना वाटलं होतं, बाई आता डोल्या विकणार आणि माहेरी जाणार. पण तेरावं आटोपून ती थेट अड्ड्यावर आली आणि म्हणाली, "दांडा माझ्या खांद्यावर द्या."

"वहिनी, हे बाईमाणसाचं काम न्हाई," गेनबा म्हणाला. गेनबा सगळ्यांत जुना भोई. डोलीच्या पुढच्या अंगाला तोच असायचा.

"काम काय हाय तेच मला ठावं न्हाई. मग मी तुमच्यावर ओरडू कशी?"

पंधरा दिवस तिनं दांडा वाहिला. बाईनं उचललेल्या डोलीत गिऱ्हाईक बसायला तयार होईना, म्हणून आत वाळूची पोती ठेवली होती. पुढच्याला वाटतं मागचा ढकलतोय, मागच्याला वाटतं पुढचा ओढतोय, आणि दोघंही खरंच बोलत असतात, हे तिला तेव्हा कळलं. तिनं सगळ्यांची उंची काठीनं मोजली आणि सारख्या उंचीचे चारचार जण एकत्र केले. डोलीचे हेलकावे थांबले, गिऱ्हाईक दुप्पट झालं, आणि तुळजाबाईला शिकण्याची चटक लागली.

एकदा चटक लागली म्हटल्यावर ती आवरेना. डोलीत बसलेला माणूस वाटभर रिकामाच असतो, हे तिच्या लक्षात आलं. तिनं नियम काढला: जो बसेल त्यानं उतरेपर्यंत भोयांना काहीतरी शिकवायचं.

पुण्यात शिकवायला कुणी नाही म्हणत नाही. चार दिवसांत अड्ड्यावर रांग लागली. ज्यांना कुठंच जायचं नव्हतं तेही येऊन बसू लागले. एका म्हाताऱ्या शास्त्रीबुवांनी कसब्याला तीन फेऱ्या मारून संस्कृतातले संधी शिकवले आणि भोयांची तोंडी परीक्षा घेतल्याशिवाय उतरायला नकार दिला. वैद्य बसले, ज्योतिषी बसले, एक आचारी बसला तो साखरेच्या पाकाची तार किती ठेवावी हे नारायण पेठेपर्यंत सांगत राहिला.

सहा महिन्यांत भोई विद्वान झाले. संपत गिऱ्हाईकाची नाडी बघितल्याशिवाय त्याला डोलीत घेईना; कफ वाढलेला दिसला की "चालत जा, बरं वाटंल," म्हणून परत पाठवी. दत्तोबाला कुणा नैयायिकानं तर्कशास्त्राची गोडी लावली होती.

"मला नारायण पेठेत जायचंय," गिऱ्हाईक म्हणे.

"कशावरून?" दत्तोबा विचारी.

आणि मग गोदाकाकूंचं प्रकरण झालं. शनिवार पेठेतल्या या काकू नदीपलीकडं कोथरूडला भावाकडं निघाल्या होत्या. भावाच्या मुलाचं बारसं होतं आणि नाव ठेवणारी आत्या त्याच होत्या. उन्हाळ्यात मुठेला गुडघाभर पाणी. भर पात्रात गेनबा म्हणाला, की ग्रहण म्हणजे नुसती सावली. संपत म्हणाला, सावली न्हाई, चंद्राचं पित्त खवळतं. दत्तोबानं दोघांना कशावरून विचारलं. एवढा मोठा प्रश्न खांद्यावर ओझं घेऊन सुटणार नाही, म्हणून चौघांनी डोली एका खडकावर ठेवली आणि ते पाण्यात उभे राहून बोलू लागले.

गोदाकाकूंनी आधी ओरडून पाहिलं. मग दोघांचंही चुकतंय हे त्यांना सहन होईना, तेव्हा त्याही वादात उतरल्या. ऊन कलल्यावर वाद मिटला तोवर बारसं उरकलं होतं, पाहुणे जेवून गेले होते आणि मुलाचं नाव ठेवायचं राहिलं होतं. सगळे त्याला नुसतं बाळ म्हणत होते. काकूंनी दुसऱ्या दिवशी कोतवालचावडीवर फिर्याद गुदरली.

तुळजाबाईला फिर्यादीपेक्षा स्वतःची चूक जास्त लागली. ती दिवसभर घंगाळावर बसून विचार करत राहिली. समोर तेल्याचा घाणा होता. झापडं बांधलेला बैल गोल फिरत होता, कुणाची नाडी बघत नव्हता, कुणाला कशावरून विचारत नव्हता.

संध्याकाळी तिनं चांभाराला सोळा जोड झापडं सांगितली. कानशिलाला बांधायची, म्हणजे फक्त समोरचं दिसेल.

"आता एका महिन्यात एकच गोष्ट," तिनं भोयांना सांगितलं. "ह्या महिन्यात नीट चालायचं. चालताना दुसरं काय बी बघायचं न्हाई, बोलायचं न्हाई, ऐकायचं न्हाई."

"गिऱ्हाईक बोललं तर?" संपतनं विचारलं.

"ते पुढच्या महिन्यात."

भोई असे चालले, की भरलेला तांब्या डोलीत ठेवला तर थेंब सांडू नये. नेमके त्याच आठवड्यात चावडीवरचे कारकून श्रीधरपंत गोदाकाकूंची फिर्याद काखेत मारून तिच्या एका डोलीत बसले. त्यांना शनिवारातून बुधवारात चावडीवर जायचं होतं, म्हणजे चालत गेले असते तर पान चघळून होईतो पोचले असते. डोली इतकी अलगद निघाली, की पंतांना पेठ ओलांडायच्या आतच झोप लागली. चावडी उजव्या हाताला आली. झापडांमुळं ती कुणालाच दिसली नाही.

पंतांना जाग आली ती बिबवेवाडीत. समोर तिथले पाटील सर्जेराव हात जोडून उभे होते. न कळवता कारकून आला म्हणजे पिकाची पाहणीच असणार, असं धरून त्यांनी पुरणाचा स्वैपाक सांगितला होता. तिकडं भोई अजून जागच्या जागी पाय उचलत होते, कारण पुढं गोठ्याची भिंत आली होती.

दुसऱ्या दिवशी तुळजाबाई चावडीवर हजर झाली. श्रीधरपंतांनी कागद चाळले, पागोटं सारखं केलं आणि शांतपणे विचारलं, "काल आम्ही बिबवेवाडीत जेवलो. का जेवलो, हे आपण सांगाल का?"

"माझी चूक, पंत. चालायला शिकवलं, थांबायला शिकवायचं राहिलं."

"आणि त्याआधी?"

"त्याआधी समदंच शिकवलं हुतं."

कोपऱ्यात बसलेल्या गोदाकाकू म्हणाल्या, "ग्रहणाचं चुकीचं शिकवलं होतं."

पंतांनी निकाल दिला. काकूंना कोथरूडला फुकट पोचवायचं, आणि तुळजाबाईनं महिनाभर कुणाला काहीही शिकवायचं नाही. अड्ड्यावर गप्प बसायचं.

तुळजाबाई उठली नाही. "पंत, मला गप बसाय येत न्हाई. कसं बसायचं तेवढं शिकवा."

पंत कारकून असले तरी पुण्याचे होते. त्यांनी कागद बाजूला सारले आणि गप्प कसं बसावं यावर दीड प्रहर बोलले. मौनाचे प्रकार सांगितले, पोटप्रकार सांगितले, त्यांच्या आजोबांनी पाळलेल्या मौनाची हकिगत सांगितली. फिर्यादी ताटकळले, पहारेकरी बदलले. तुळजाबाई एक अक्षर न बोलता ऐकत होती.

दुसऱ्या दिवसापासून ती अड्ड्यावर गप्प बसली. भोयांना आधी भीती वाटली. संपतनं तिची नाडी बघू का म्हणून विचारलं. तिनं नुसती मान हलवली. आठ दिवस तिनं काहीच केलं नाही, फक्त येणाऱ्याजाणाऱ्या डोल्या बघितल्या. नवव्या दिवशी तिला दिसलं, की गेनबा डोली खाली ठेवताना डाव्या पायावर भार टाकत नाही. गुडघा. बहुतेक कित्येक वर्षांचा. तो कधी बोलला नव्हता, आणि एवढी विद्या गोळा करताना तिनं कधी विचारलं नव्हतं.

महिना संपला त्या सकाळी तिनं गेनबाला बोलावलं.

"तुझा दांडा सुटला."

गेनबाचा चेहरा उतरला. "मग घरी जाऊ?"

"डोलीच्या पुढं चालायचं, हातात काठी घेऊन. कुठं वळायचं, कुठं थांबायचं ते तू सांगायचं. बाकीच्यांनी झापडं काढून टाकायची."

 गेनबानं पागोट्याच्या शेवानं तोंड पुसलं आणि म्हणाला, "वहिनी, गुडघा दुखतोय हे कशावरून कळलं?"

"बघितलं."

गोदाकाकूंचा मुहूर्त लागेपर्यंत बाळ रांगायला लागलं होतं. गेनबानं डोली बरोबर दारात थांबवली. काकूंनी कानात मोठं थोरलं नाव सांगितलं, ते ऐकून मूल रडलं, आणि पुढं कितीही हाका मारल्या तरी ते बाळ म्हटल्याशिवाय वळून बघेना.

पुढं तुळजाबाईच्या सहा डोल्या झाल्या. दर महिन्याला ती एकच गोष्ट शिकायची, स्वतः आधी, भोयांनी नंतर. एका पावसाळ्यात तिनं मोडी अक्षरं घेतली, ती जमली. साठीच्या घरात ती पोहायला शिकत होती. दोन महिने झाले, तीन झाले, तरी पोहणं येईना. ती मात्र दुसरा विषय घ्यायला तयार नव्हती. रोज सकाळी मुठेच्या काठालगत पाण्यात कमरेला भोपळा बांधून उभी राहायची, आणि संपत पुढं उभा राहून तिला सांगायचा, "वहिनी, पाय सोडा आता."