सात नंबर कुणी धरायचा

त्या सामन्याची आठवण आली की अजून तळपायाची आग मस्तकात जाते. वर्षं गेली, राग गेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही.

पदवीचं शेवटचं वर्ष होतं. विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघात शिरायची माझी शेवटची संधी. संघ निवडणारे दोघे बीडला आमचा सामना बघायला येणार होते. समोरच्या कॉलेजचे दोन सामने मी आधीच पाहून वहीत उतरवले होते. त्यांचा सात नंबर, संघातला सगळ्यात नावाजलेला खेळाडू, डावखुरा. चेंडू दोनदा उजवीकडे आपटायचा आणि आपण फसलो की डावीकडून घुसायचा. डावी बाजू अडवली की चिडायचा, चेंडू देऊन टाकायचा. त्याला धरायला, म्हणजे सामनाभर त्याच्यासमोर राहून अडवायला, उंची नको, चपळ पाय हवेत. ते माझे होते. लहानपणापासून मेंढरांमागं पळालेला मी. कळपातून फुटणारं मेंढरू कुठून निघणार हे मला आधी कळतं.

अंबाजोगाईहून निघालेली आमची जीप चहाला मांजरसुंब्याला थांबली. ढाब्याच्या टेबलावर कांद्याच्या चकत्या मांडून मी क्रीडाशिक्षकांना, म्हणजे आमच्या सरांना, कोण कुणाला धरणार ते दाखवलं. कॅप्टनला त्यांचा पाच नंबर दिला होता. उंच, संथ, अगदी त्याच्यासारखाच. पण कॅप्टन सामन्याच्या प्रमुख पाहुण्यांचा पुतण्या होता, आणि पाहुणे म्हणजे आमच्या भागातले पुढारी. सगळे त्यांना साहेबच म्हणत.

सरांनी वही मिटली. "येडा हायस का बे? साहेब समोर बसनार. त्यांच्या पुतन्यानं पाच नंबर धरायचा? लोकं काय म्हनतील?"

"सर, त्याला झेपनार न्हाई सात नंबर."

"तू पाच नंबर घे. गप."

मीही मूग गिळून बसलो. त्याचाही राग आहेच. लग्नातली व्याहीभेट झाली ती! तोलामोलाच्या माणसापुढं तोलामोलाचा माणूस उभा करायचा, मग खेळ गेला खड्ड्यात.

सत्कारांतच तास गेला. मग सात नंबरनं कॅप्टनला नुसता नाचवला. कॅप्टन दर वेळी उजवीकडे फसायचा, मागून हात घालायचा, की फाउल. इकडं पाच नंबर माझ्या डोक्यावरून आरामात चेंडू टाकत होता, आणि निवडणाऱ्यांना दिसत होतं ते तेवढंच. तिसरा क्वार्टर संपता संपता कॅप्टनचा पाचवा फाउल झाला आणि नियमाप्रमाणे तो सामन्यातून बाहेर गेला. तेव्हा सर ओरडले, "आता तू घे सात नंबर!"

घेतला. उरलेल्या वेळात त्याला एकच बास्केट करता आली, तीही नशिबानं. सामना आम्ही हरलोच, आधीच फार मागे पडलो होतो. पण शेवटची शिट्टी वाजल्यावर मी खुर्च्यांकडे पाहिलं तर पुढची रांग रिकामी. पुतण्या बाहेर आला तसे साहेब उठले होते, आणि निवडणाऱ्या दोघांनाही जेवायला घेऊन गेले होते.

आठवड्यानं यादी लागली. कॅप्टन आत, मी नाही. मी तडक सरांच्या खोलीत गेलो.

"लई भारी धरलास तू त्याला," सर म्हणाले. "पन त्यांनी बघितलंच न्हाई, त्याला मी काय करू?"

टेबलावर सामन्यानंतर विद्यापीठाला पाठवलेल्या शिफारशीची प्रत पडली होती. आमच्या कॉलेजातून एकच नाव, कॅप्टनचं, आणि खाली सरांची सही. तो शेवटचा क्वार्टर सर रेषेवर उभे होते. त्यांनी सगळा बघितला होता.