व्याह्यांचा बांध

एका म्यानात दोन तलवारी ठेवून दोन्हींना धार लावत बसणारा माणूस साऱ्या नांदेडात एकच आहे, आणि तो माझ्या मुलीचा सासरा आहे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात, गुडघे दाखवायला जातात. आमच्या व्याह्यांनी घरातल्या एकुलत्या एका कॉम्प्युटरची वाटणी केली. अर्ध्यात विहीणबाईंचं विंडोज, अर्ध्यात ह्यांचं लिनक्स, म्हणजे तेच काम करणारी फुकटातली प्रणाली. मशीन चालू केलं की आधी काळा पडदा येतो आणि कुणाकडे उतरायचं ते विचारतो. तुम्ही जरा विचारात पडलात, तर तुमची वाट न पाहता सरळ व्याह्यांचं लिनक्स उघडायचं. ही सोय अर्थातच त्यांनीच लावलेली.

मी लातूरहून गेलो की पायांवर पाणी घेण्याआधी त्या काळ्या पडद्याचं दर्शन घ्यावं लागे. "फुकट हाय म्हणून हलकं समजू नका, इवाई. हवा बी फुकटच हाय की!" इवाई म्हणजे व्याही, अर्थात मी. मग स्वातंत्र्यावर प्रवचन. हे कुणा कंपनीच्या मालकीचं नाही, ह्याला व्हायरस चढत नाही, हे आपल्याला विचारल्याशिवाय काही करत नाही. प्रवचनातले मुद्दे मला कागदावर देण्याचा त्यांचा आग्रह असे आणि त्यांचा प्रिंटर लिनक्सला दाद देत नसे. मग मशीन बंद करून पुन्हा चालू करायचं, आणि स्वातंत्र्याची प्रत काढायला पारतंत्र्यात जायचं. तिथे शिरण्याआधी ते स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारत, "येऊ का गं?" आतून उत्तर येई, "या. पसारा करू नका." मग ते सासुरवाडीला बसावं तसे ताठ बसत आणि निघताना स्वतः उघडलेलं सगळं नीट मिटून येत.

हद्दीच्या बाबतीत हा माणूस मुळातच हळवा. नायगावकडच्या त्यांच्या शेताला लागून चुलतभावाचं शेत. तो दर नांगरणीला बांध थोडा कोरतो, ही ह्यांची आयुष्यभराची जखम. त्यापायी मोजणी झाली, कोर्ट झालं. त्याच भावाच्या मुलीच्या लग्नात पंगतीला बसूनही हे बांधावरच बोलले. "दुसऱ्याचा बांध कोरणारा सुखानं जेवत न्हाई," हे त्यांचं वाक्य मी त्यांच्या घरी जितक्या वेळा जेवलो तितक्या वेळा ऐकलं आहे.

आणि ह्याच माणसाने बायकोचा बांध कोरला. विहीणबाई किनवटला बहिणीकडे गेल्या होत्या. नवनवी लिनक्सं आणून आणून ह्यांची बाजू गच्च भरलेली. "तिकडं लई जागा ओस पडून हाय," असं म्हणत त्यांनी कॉम्प्युटरमधली हद्द सरकवायला घेतली, आणि हद्द निम्म्या वाटेत असताना लाईट गेली. लाईट आल्यावर लिनक्स उघडलं. विंडोज काही उघडेना.

ओस म्हटलेल्या त्या बाजूला आमच्या नातीचे व्हिडिओ होते. पहिलं पाऊल, पहिला शब्द. माझ्या मुलीचा फोन हरवल्यापासून ते जगात तेवढ्या एकाच ठिकाणी उरले होते. व्याह्यांचा फोन आला तेव्हा आवाजात प्रवचन नव्हतं. "इवाई, या जरा," एवढंच.

मी पोचलो तेव्हा विहीणबाई परतल्या होत्या. त्या चिडलेल्या नव्हत्या, हेच वाईट होतं. माझ्यापुढे चहा ठेवून त्या नवऱ्याला म्हणाल्या, "चुलतभावानं कोरला तर तुम्ही कोर्टात गेलाव. माझा कोरला, मी कुठं जाऊ?"

व्याही मान खाली घालून म्हणाले, "मोजणी करून राहिलो."

ते खरंच होतं. जुन्या हद्दीच्या खुणा हुडकणारा एक प्रोग्रॅम त्यांनी लावला होता आणि ते पडद्यापुढून हलत नव्हते. बाजूला ताट निवत होतं. मला त्यांचंच ते वाक्य आठवलं; मी ते चहाबरोबर गिळलं. दुसऱ्या दिवशी दुपारी एकेक फाइल वर यायला लागली. पहिल्या पावलाचं चित्र पुसलं गेलं होतं. नुसता काळा पडदा, आणि त्यातून विहीणबाईंचा आवाज, "पडंल, पडंल, धरा ओ!" पहिला शब्द मात्र धडधाकट निघाला: "आबा." तो आम्हा दोघांपैकी कुणाला उद्देशून होता, हा आमचा जुना वाद, त्या दिवशी मी तो सोडून दिला.

दारात उभ्या असलेल्या विहीणबाई ते पुन्हा एकदा लावायला सांगून ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "द्या ते ताट. गरम करून आणते."

परवा पुन्हा जाणं झालं. व्हिडिओंची एक प्रत आता लातूरला माझ्याकडेही आहे, विंडोज व्याह्यांनी पुन्हा उभं केलं आहे, आणि विहीणबाई हल्ली सगळं मोबाइलवरच बघतात. तरी व्याह्यांनी मशीन चालू केलं. काळा पडदा आला, आणि ते हाताची घडी घालून बसून राहिले.

"दाबा की काहीतरी," मी म्हणालो.

"ऱ्हाऊ द्या."

थोड्या वेळाने पडदा आपोआप सरकला आणि ह्या खेपेला लिनक्सऐवजी विहीणबाईंची बाजू उघडली. व्याह्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड केलं. "येऊ का गं?" आत कुकर शिट्ट्या देत होता, त्यांना ऐकू गेलं नसावं. माउसला हात न लावता व्याही तसेच ताठ बसून राहिले, उत्तराची वाट पाहत.