चुकलंमाकलंत न बसणारं

आमच्या अणदूरच्या घरी चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की सासूबाई हात जोडून म्हणतात, ‘‘देवा, चुकलंमाकलं पोटात घाल.’’ मीठ कमी पडलं, नैवेद्याला उशीर झाला, दिवा मध्येच विझला, रागाच्या भरात कुणाला जास्तीचं बोललं गेलं, हे सगळं त्या एका शब्दात मावतं. त्याला प्रायश्चित्त नाही. म्हटलं की माणूस मोकळं.

सणाची वही माझ्याकडं असते. वांगी किती, कुणी काय करायचं, जेवायला कोण कोण. पहिलं नाव दरवर्षी थोरल्या जाऊबाईंचं. त्यांना मी अक्का म्हणते. रोडगे त्यांनीच करायचे. थोरले दीर वारले आणि अक्का मुलाकडं आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीला राहायला गेल्या. त्या वर्षी मी त्यांना फोन केला नाही. सणाच्या चुलीपाशी विधवा बाई बसलेली पाहुण्यांतल्या दोघीतिघींना चालणार नाही, हे मला ठाऊक होतं. वाद नको म्हणून सवयीनं लिहिलेल्या नावावर मी रेघ मारली.

पंगत उठल्यावर सासूबाईंनी विचारलं, ‘‘थोरली का आली न्हाय?’’

‘‘गडबडीत राहून गेलं. चुकलंमाकलं...’’

त्यांनी वही पुढं ओढली. त्यांना वाचता येत नाही, पण रेघ कुणालाही दिसते.

‘‘इसरलं, सांडलं, त्याला चुकलंमाकलं म्हणत्यात. वही समोर ठिवून इसरतंय व्हय कुणी? देवाला मधी घालू नको. तिला जाऊन सांग.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा रोडगे केले, डबा भरला आणि एसटी धरली. काय बोलायचं ते वाटेत क्रमानं ठरवत गेले. दारात अक्का दिसल्या आणि त्यातलं एकच उरलं.

‘‘विसरले नव्हते मी, अक्का. मुद्दाम बोलावलं नाही तुम्हाला.’’

‘‘ठाऊक हाय मला.’’

त्यांनी पाणी दिलं. मग डबा उघडून एक रोडगा मोडला.

‘‘मधी कच्चा राह्यलाय. लई घाई करतीस तू.’’

निघताना मी डब्यासाठी हात पुढं केला.

‘‘ऱ्हाऊ दे. रिकामा कसा देऊ? म्याच घिऊन येते.’’

कधी येणार, हे विचारायची मला हिंमत झाली नाही.